आमळखेड्याची वहिवाट

“तू चालसच नही! खोटं बोलस तू!”

आबांनी खांद्यावरचा टॉवेल खाटेवर आपटला. “मी सोता पाही ऊनू सकाळे. वाटवर उमटेल बठ्ठा पाय येतानाच शेतस. जाताना एकबी नही. मंग तू जास कथा? पाटवर लोळाले?”

“मी रोज जास, आबा.”

“मंग तुना पाय कथा गयात?”

“बकऱ्या चरी गयात!” समाधान ओरडला आणि दाराला लाथ घालून ओट्यावर येऊन बसला. आतून माय चुलीला सांगत असल्यासारखी म्हणाली, “नाव समाधान ठेवं, नि घडीभर समाधान नही पोऱ्याले.”

बारा दिवस तो चालत होता. रोज सकाळी आठला निघायचं, उन्हात चार किलोमीटर तुडवायचे, आणि वर हे ऐकायचं. त्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली.

भांडण वाटेचं होतं. भडगाव तालुक्यातलं त्यांचं बोरटेक गाव. तिथल्या मारुतीच्या मागून एक गाडवाट निघायची. दोन किलोमीटरवर समाधानच्या वडिलांचं, धनसिंग आबांचं शेत, आणि तिथून पुढे तेवढीच वाट आमळखेड्यापर्यंत. जुन्या नकाशात ती तुटक रेघांनी काढलेली होती. आमळखेडे म्हणजे तलाठ्याच्या भाषेत बेचिराख गाव. कागदावर नाव आहे, सर्व्हे नंबर आहेत, राहणारं कुणी नाही. दिवाच लागत नाही, म्हणून बेचिराख. ते का उठलं, कधी उठलं, हे बोरटेकमधल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसालाही सांगता येत नव्हतं. चार पडक्या भिंती, एक बुजलेली विहीर आणि चिंचांची रांग.

फेब्रुवारीत शेजारच्या भाईदास नानांनी कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्या आणि रान नांगरताना ही वाटही नांगरून घेतली. वाटच मोडली. मे महिन्यात आबांची केळी कापायला येणार होती. कालव्याच्या पाटाच्या काठावरून बैलगाडीसुद्धा जात नाही, तर केळीचा ट्रक कुठून जाणार? आबांनी तहसीलला अर्ज केला. अर्ज लिहून देणाऱ्या तोतारामनं चष्म्यावरून बघत एकच सांगितलं, “वहिवाट नुसती कागदावर असून भागत नाही, भाऊ. जमिनीवर दिसावी लागते. साहेब पाहणीला येतील त्या दिवशी वाट मळलेली दिसली पाहिजे. घरातलं कुणीतरी रोज चाला.”

घरात मोकळे पाय एकाचेच होते.

समाधान सोळा वर्षांचा. नववीत असताना सरांनी वर्गासमोर त्याच्या अक्षराची टिंगल केली, म्हणून त्यानं वही खिडकीबाहेर भिरकावली आणि पाठोपाठ स्वतःही बाहेर पडला, तो परत गेलाच नाही. त्याला एकच गोष्ट यायची. चालणं. भडगावला नऊ किलोमीटर तो सहज जायचा, बाजार नसला तरी. एकदा पैज लावून धरणगावपर्यंत गेला होता. आणि एकदा कंडक्टरशी वाजलं म्हणून पारोळ्याला बसमधून उतरला आणि तिथून धुळ्याला मंजुळाबाई मावशीकडे पायी पोचला. मावशीनं आधी शिव्या दिल्या, मग पाय शेकले. त्याला त्या शिव्या आठवत नव्हत्या. आठवत होतं ते हायवेच्या कडेचं रान. बसमधून ते नुसतं सपाट, पिवळं दिसतं. पायी गेलं की प्रत्येक बाभळीची सावली वेगळी लागते, प्रत्येक वस्तीचं कुत्रं ओळखीचं होतं, आणि सहा-सात किलोमीटर झाले की डोक्यातला राग खाली खाली उतरत टाचांतून जमिनीत जातो. राग जिरवायला त्याला दुसरा रस्ता माहीत नव्हता.

म्हणून वाट मळायचं काम त्याच्याकडे आलं तेव्हा तो कुणाला न सांगता खूश झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा घरानं त्याच्या पायांना काम दिलं होतं. फक्त एकदा आबांनी म्हणावं, हा रोज चालला. बस.

एक चूक मात्र तो पहिल्या दिवसापासून करत होता. आल्या वाटेनं परत फिरणं त्याच्या जिवावर यायचं. जाताना वाटेनं जायचा, पार आमळखेड्यापर्यंत, आणि येताना पाटाच्या काठानं यायचा. पाण्याशेजारून, लांबून. जाणं त्या वाटेनं, येणं कधीच नाही.

म्हणूनच आबांचं बोलणं त्याला झोंबलं होतं. त्या वाटेवर असलीच तर जातानाचीच पावलं असायला हवीत. येतानाची कुणाची?

दुसऱ्या दिवशी त्यानं दिपमालाचा मोबाईल घेतला. दिपमाला त्याची थोरली बहीण, बारावीला. “पाडू नको,” एवढंच ती म्हणाली. मारुतीला पाठ करून त्यानं व्हिडिओ चालू केला. नांगरलेली काळी ढेकळं, त्यावर पडणारे आपले पाय, पुढे भाईदास नानांचं पंपघर. पाच मिनिटं चालत चालत काढला. मोबाईल खिशात टाकून पुढे आमळखेडे गाठलं, पाटावरून परत आला, आणि घरी न जाता आधी वाटेच्या तोंडाशी गेला.

सकाळची त्याची पावलं नव्हती.

तो उकिडवा बसला. नजर त्याची लहानपणापासून तेज. मातीवर साप गेला की गोम, हे तो लांबून सांगायचा. ढेकळं फुटून तिथे हातभर रुंदीचा पट्टा तयार झाला होता, आणि त्यावर पावलं होती. ताजी. बोटं गावाकडे, टाचा रानाकडे. उजव्या टाचेखाली चौकोनी ठसा. भडगावच्या शकीलभाईनं त्याच्या चपलेला टायरचा तुकडा ठोकला होता, तोच. त्यानं स्वतःचा पाय शेजारी दाबून पाहिला. लांबी तीच, रुंदी तीच, खिळ्यांची भोकंही तीच. फक्त ते पाऊल त्याच्यापेक्षा बोटभर खोल गेलं होतं. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाचं जातं तसं.

घरी येऊन त्यानं मोबाईल आबांपुढे धरला. “पहा! हाई काय शे?”

आबांनी पाहिलं, दिपमालानं मान वाकडी करून पाहिलं. तीच आधी बोलली. “अरे, हा तर तू येताना काढलास. समोर मारुतीचा कळस दिसतोय.”

“काय?”

त्यानं मोबाईल हिसकावला. ढेकळं, पाय, आणि वरच्या कोपऱ्यात भगवा झेंडा. दर पावलाला मारुती मोठा होत होता. शेवटी तर पारावर बसलेली गावातली बेबाबाईसुद्धा ओळखू येत होती.

“मी पाठ करीसन गयथू मारुतीले!” त्याचा आवाज फाटला. “पाठ!”

“बस कर,” आबा म्हणाले आणि उठून गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

समाधाननं रागानं हातपाय धुतले आणि चुलीपुढे जेवायच्या पाटावर जाऊन बसला. मायनं वळून पाहिलं. “आखो भूक लागनी का रे?”

“आखो म्हंजे?”

“आतेच तं जेवना तू. घडीबी नही व्हयनी.”

“मी आते ई राहिनू, माय.” तो तर नुकताच उंबऱ्यातून आत आला होता.

ती हसली. कितीतरी दिवसांनी ती अशी हसली होती. “गुमान बसना, गुमान जेवना. चटणी तिखट शे म्हनीसन बोंबलना नही. ताटबी सोता धोयं. असाच रहात जाय ना रे रोज.”

तिनं त्याला भाकरी वाढली, पण पाहुण्याला वाढावी तशी, अंदाज घेत. ताटं रचलेल्या कोपऱ्यात सर्वांत वरचं ताट ओलं होतं.

भाकरी अर्धी टाकून तो उठला. तो ओट्यावर आला तेव्हा भिंतीशी रचलेल्या विटांवर पाय आपटला. पातळ, रुंद, जुन्या काळच्या विटा. कडांना चुना चिकटलेला. त्यानं मोजल्या. तेरा.

“या कोन आनस?”

दिपमाला पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली, “तूच तर आणतोस रोज एक. माय म्हणते तुळशीला ओटा करू.” मग थोडं थांबून, “सम्या, तू आजकाल बरा वागतोस. मग मधेच असा का करतोस?”

त्यानं एक वीट उलटी केली. मागच्या बाजूला काजळी होती, कोनाड्यात दिवा ठेवल्यावर धरते तशी. त्यानं बोट फिरवलं. काजळी बोटाला लागली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तो हातात दगड घेऊनच निघाला. हे सगळं भाईदास नानांचंच काम, असं त्यानं रात्रीतून ठरवून टाकलं होतं. वाट त्यांनी मोडली, पावलंही तेच मोडत असणार. बाकीचं काय, ते नंतर बघू.

नाना पंपघराच्या सावलीत बसले होते. लाईट गेलेली, मोटार बंद. दगड पाहूनही ते हलले नाहीत.

“नाना, मना पाय कोन मोडस?”

“ठेव तो दगड. बस.”

“बसाले नही ऊनू मी!”

“मी त्या वाटले आते पायबी नही लावत, सम्या.” नानांनी तंबाखू मळायला घेतली, पण हात मधेच थांबला. “एक सांग. तू जाताना माले कव्हयच दिखना नही. मी सकाळपासून आठेच, पंपघरपाशी रहास. येताना मातर रोज दिखस. काल तुना डोकावर काय व्हतं?”

समाधाननं दगड दुसऱ्या हातात घेतला. “काय व्हतं?”

“माले काय माहीत. फडकामा गुंडायेल. मी रामराम घाला. तू थांबना नही. तू... ” नानांनी तंबाखू न खाताच झटकून टाकली. “तू असा सरळ कव्हयपासून चालाले लागना रे? तुनी चाल तं झोकाड शे, बठ्ठा गावले माहीत शे. मान हालत नव्हती तुनी. डोकावर भरेल घागर असं चालस तू येताना.”

वर बाभळीत होला घुमत होता. तोही थांबला.

“उद्या साहेब येतीन,” नाना हळू म्हणाले. “मी काहीच आडवं बोलाव नही. वाट तुमनी. तुमीच ठेवा.”

भांडायला आला होता आणि भांडणच मिळालं नाही. समाधाननं दगड पंपघराशेजारच्या विहिरीत टाकला. पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

बुधवारी पाहणी अकराला होती. समाधान सहालाच निघाला. आज तो वाटेनं जाणार आणि त्याच वाटेनं परत येणार होता. जे काही येतं, त्याच्या समोरासमोर. आणि साहेबांनी विचारलं तर आबांसमोर सांगणार होता, चाललो तो मी.

आमळखेड्याला पोचला तेव्हा चिंचांखाली अजून गारवा होता. त्यानं भिंतीकडे पाहिलं. रोज पाहायचा, पण नीट आजच पाहिलं. एका भिंतीतला कोनाडा गेला होता. पडला नव्हता. वीट न् वीट सोडवून, कुठेही न फोडता, काढून नेला होता. खाली भुगासुद्धा नव्हता.

तो वळला आणि पहिल्यांदा त्या वाटेनं गावाकडे निघाला.

वाट छान होती. याचाच त्याला सर्वांत जास्त राग आला. जाताना त्याला ढेकळं लागायची, घोटा मुरगळायचा. येताना मात्र वाट सारवल्यासारखी, कडक, थंड. बारा-पंधरा दिवसांच्या चालण्यानं असं होत नाही. असं व्हायला गावच्या गाव जावं लागतं.

आबांच्या शेतापाशी आला तेव्हा पुढे धूळ दिसली.

पुढच्या वळणावर, माणसाच्या उंचीएवढी. कुणीतरी नुकतंच गेल्यासारखी.

तो झपाझप निघाला. तालुक्यात त्याच्याइतकं झपाझप कुणी चालत नव्हतं. धूळ तेवढीच लांब राहिली.

तो पळाला. चपलेचा पट्टा तुटला, दोन्ही हातात घेतल्या आणि अनवाणी पळाला.

धूळ तेवढीच लांब.

तो थांबला. गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत राहिला. समोरची धूळही थांबली. खाली बसली नाही. वाट पाहिल्यासारखी तशीच उभी राहिली.

“कोन शे रे?” तो ओरडला.

होला नाही, मोटार नाही, वारा नाही. मग धूळ सावकाश पुढे सरकली. गावाच्या दिशेनं.

तासाभराची वाट, पण मारुतीपाशी पोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि जीप वळत होती. पाच पंच पारावर बसले होते. भाईदास नाना कडेला, नजर जमिनीवर. मंडळ अधिकारी फाईलला नाडी बांधत होते. आणि आबा हात जोडून त्यांना सांगत होते, “हाऊ मना पोऱ्या रोज चालना, साहेब. एक दिन खाडा नही. पंधरा दिन.”

समाधान जीपच्या मागे उभा होता. हेच ऐकायचं होतं त्याला. अगदी हेच.

“हो, सांगितलं ना त्यानं,” साहेब म्हणाले. “चांगला मुलगा आहे. नेमकं बोलला. वाट तर काय, शंभर वर्षांची असल्यासारखी मळलीय. निकाल तुमच्याच बाजूनं लागेल. आता ती कुणी अडवायची नाही. येणाऱ्याला यायला मोकळी पाहिजे.”

“मी कव्हय बोलनू?” समाधान पुढे आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. अनवाणी पाय, हातात तुटकी चप्पल, घामानं भिजलेला शर्ट. साहेबांनी फाईल परत उघडून जबाबाचा कागद पुढे केला. खाली सही होती. समाधान धनसिंग. गोल, ठळक, ओळीत बसलेलं अक्षर.

सरांनी ज्याची टिंगल केली होती ते त्याचं अक्षर तिरकं होतं. शब्द ओळीबाहेर पळायचे. असं अक्षर त्याला शंभर वेळा घोटूनही आलं नव्हतं.

“तू तं घर गयथा ना?” आबा म्हणाले. रागानं नाही. जरा घाबरून.

त्या दिवशी घरी पेढे वाटले. दोघा-तिघांनी त्याची पाठ थोपटली आणि लगेच हात मागे घेतला.

गुरुवारी तो उठलाच नाही. जाग आली होती, पण खाटेवर पडून राहिला. केस संपली, वाट खुली झाली. आता पाय त्याचे होते. त्यानं मनाशी ठरवलं होतं, आज चप्पल शिवून घ्यायची आणि उद्या धुळ्याला निघायचं. पारोळा, मग हायवे. सावकाश, दोन दिवस घेत. कुणासाठी नाही, नुसतं चालायचं म्हणून.

सात वाजले. आठ वाजले.

साडेआठला त्याच्या लक्षात आलं, घरात आवाज नाही. भाकरी थापल्याचा नाही, भांड्यांचा नाही. त्यानं मान वळवली.

माय तव्यापाशी बसली होती, हात पिठात, तसेच थांबलेले. दिपमालानं पाय धुवायला पाण्याचा तांब्या भरून उंबऱ्यात ठेवला होता आणि ती दाराबाहेर पाहत होती. आबा आले, खाली वाकले. रात्रीतून त्यांनी स्वतः चपलेचा पट्टा शिवला होता. दोन्ही चपला त्यांनी खाटेपाशी ठेवल्या, जोडून, मारुतीच्या दिशेनं तोंड करून.

“येळ व्हयनी ना रे,” आबा म्हणाले.

“वाट मोकळी व्हयनी, आबा. आते कसाले चालानं?”

तो तिघांच्या तोंडाकडे पाहत राहिला. कुणीच रागावलेलं नव्हतं. त्या घरात त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं.

मग माय उठली. पिठाचा हात पदराला पुसून तिनं त्याच्या केसांवरून फिरवला. तो लहान होता तेव्हा फिरवायची, तसा.

“तू गयाशिवाय तो कसा येई, बेटा?”

त्याला ओरडायचं होतं. चपला भिंतीवर फेकायच्या होत्या. तोंड उघडलं, आणि आलं ते एवढंच.

“हां. मी निंघस. माले निंघनं पडी आते.”